आधी मोजून दाखवा, मग टर्बो बदला



खरेदी केंद्रावरच्या माणसाने कापसात नुसता हात घालून "माल ओला आहे" म्हटले, तर आज आपल्यातला कोणी गुमान ऐकून घेत नाही. मीटर लावा, आकडा दाखवा, असे आपण ठणकावून सांगतो. कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यापुढे माल परत, हे गणित आपल्याला तोंडपाठ आहे. ते कोणी शिकवले नाही. पंधरा-वीस वर्षे लुटून घेतल्यावर आपोआप पाठ झाले.

मग तोच कापूस वाहून नेणारी पिकअप चढावर दम टाकायला लागली आणि गॅरेजवाला बॉनेट अर्धे उघडून "टर्बो गेला" म्हणाला, की आपण "किती लागतील?" एवढेच का विचारतो? इथे मीटर कुठे गेले? आकडा कुठे गेला?

या प्रश्नाची किंमत पाहा. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये जाहीर झाला. टर्बो, मजुरी आणि ऑइल धरून बिल चाळीस हजारांचे झाले, तर पाच क्विंटल कापूस किंवा अकरा क्विंटल ज्वारी त्या एका शब्दावर गेली. तीही हमीभाव पदरात पडला तर. गावात येणाऱ्या व्यापाऱ्याच्या भावाने हिशेब केला तर आणखी दोन गोण्या धरा. शिवाय गाडी गॅरेजात उभी म्हणजे वेचलेला कापूस घरात पडून, आणि हप्ता मात्र चालूच.

टर्बो ही काही जादूची पेटी नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. एक लिटर डिझेल पुरते जळायला साधारण बारा किलो हवा लागते, म्हणजे दहा हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्या गावाला येणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांसमोर आणा; एवढी हवा, एका लिटर डिझेलला! ही हवा एअर फिल्टरमधून टर्बोत, टर्बोतून रबरी होजने इंटरकूलरमध्ये, तिथून दुसऱ्या होजने इंजिनात आणि शेवटी सायलेन्सरमधून बाहेर जाते. या वाटेवर कुठेही गळती झाली किंवा कोंडले, की गाडी ओढत नाही. आणि या वाटेवर कागद, रबर, लोखंडी क्लिपा आणि एक महागडी वस्तू आहे. दोष कोणाच्या माथी मारला जातो, हे सांगायला ज्योतिषी नको.

तेव्हा आधी स्वस्तातले तपासा. गॅरेजात जायच्या आधी, घरच्या ओट्यासमोर.

धूर पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल येते आहे, हवा पुरत नाही. होज फाटला असेल, क्लिप ढिली झाली असेल, फिल्टर तुंबला असेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इथे टर्बोवर संशय घ्यायला जागा आहे, पण रिंग झिजल्या असल्या किंवा इंजिनाची श्वास सोडण्याची नळी तुंबली असली तरी असेच होते. धूर नाही आणि ताकदही नाही, तर बहुधा डिझेलच पोचत नाही: डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी, डिझेलात आलेले पाणी. टाक्यांत, ड्रमांत साठवून वापरणाऱ्यांनी हे आधी पाहावे. फिल्टरखालचा पाणी काढायचा बोल्ट आपल्यातल्या किती जणांनी कधी हाताने सोडला आहे? बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते, त्यामुळे तिथे काळा धूर दिसेलच असे नाही. धूर नाही म्हणजे सगळे ठीक, असे तिथे समजू नका.

आता होज. आमच्या मते "टर्बो गेला" या रोगाचे सर्वात मोठे घर हेच आहे. गाडी रिकामी असताना दाब कमी असतो, चीर मिटलेली राहते, सगळे बरे वाटते. माल भरून चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायला लागलात की दाब वाढतो, चीर उघडते, फुस्स असा आवाज येतो, काळा लोट सुटतो आणि दुसऱ्या गिअरवर यावे लागते. गॅरेजात उभ्या गाडीला नुसता रेस देऊन हे कधीच सापडणार नाही. होज हाताने दाबून, वाकवून, खालच्या बाजूने चाचपून पाहा. चीर बहुतेक वेळा खालीच, वरून न दिसणाऱ्या जागी असते. साबणाचे पाणी सोडा आणि गाडी चालू करून दुसऱ्याला रेस द्यायला लावा, बुडबुडे बोलतील. हात मात्र पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. होजमध्ये ऑइलचा पातळ ओलावा दिसला तर घाबरू नका, तेवढा असतोच. ऑइल साचून थेंब गळत असतील, तर गोष्ट वेगळी.

आपल्या भागाचे एक खास दुखणे आहे, ते कंपनीच्या पुस्तकात सापडायचे नाही. जिनिंगच्या आवारात तासन् तास रांगेत उभे राहायचे, चहूकडे रुईचे तंतू उडत असतात. ते इंटरकूलरच्या आणि रेडिएटरच्या पातळ पात्यांत जाऊन बसतात आणि वर धुळीचा लेप चढतो. तापलेली हवा थंड होत नाही, तापलेली हवा पातळ असते, आणि दुपारी गाडी मेल्यासारखी चालते. सकाळच्या गारव्यात ठीक, दुपारी नाही, असे होत असेल तर आधी तिथे पाहा. मऊ ब्रश आणि उलट बाजूने हलके पाणी, एवढेच औषध. जोराचा फवारा मारून पाती वाकवू नका. एअर फिल्टरलाही हेच तंतू नडतात. दगडावर आपटून फिल्टर साफ करायची आपली जुनी सवय मात्र सोडा. कागद फाटला की धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर जाते, आणि मग खरोखरच टर्बो जातो.

वजनाचेही बोलून टाकू. कापसाने भरलेली गाडी डोंगराएवढी दिसते, पण भरते फुगवट्याने. ज्वारीची पोती हौद्याच्या काठापर्यंत लावली तर दिसायला काहीच नाही आणि वजन मात्र कितीतरी जास्त. कालपर्यंत कापूस ओढत होती, आज ज्वारी ओढत नाही, म्हणून गाडी बिघडली असे होत नाही. तोच रस्ता, तोच चढ, तेवढेच काट्यावर मोजलेले वजन, असे करून तुलना करा.

मग येतो स्कॅनर. स्टेअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडतात, पडद्यावर "पी ०२९९" उमटते आणि गॅरेजवाला कोर्टाचा निकाल वाचावा तसा सांगतो, टर्बो गेला. भावांनो, या आकड्याचा अर्थ एवढाच की इंजिनाला हवा होता तेवढा हवेचा दाब मिळाला नाही. का मिळाला नाही, ते यंत्राला माहीत नाही. थर्मामीटर ताप सांगतो. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा, ते सांगत नाही. फाटलेल्या होजने हाच आकडा येतो. टर्बोची झडप हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला गेलेली बोटाएवढी नळी उंदराने कुरतडली तरी हाच येतो. ती नळी मीटरवर विकत मिळते! "पी ००८७" आला असेल, तर डिझेलच्या रेलमध्ये दाब कमी आहे. त्याला टर्बो बदलून काय होणार?

अशा वेळी इंजिनाचा संगणक स्वतःहून ताकद कापतो. गाडी चालते, पण ठराविक वेगाच्या पुढे जात नाही. बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी. मेलेला टर्बो किल्ली फिरवल्याने जिवंत होत नाही. असे होत असेल तर दोष नळीत, झडपेत, सेन्सरमध्ये किंवा वायरीत शोधायला सांगा.

टर्बो स्वतः पाहायचा असेल तर इंजिन बंद आणि पूर्ण थंड असू द्या. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, चालू इंजिनात बोट घातले तर बोट राहणार नाही. फिल्टरकडचा पाइप काढा, पंख्याचा नट चिमटीत धरा. दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, म्हणून आडवा किंचित हलतो, ते ठीक. आत-बाहेर हलत असेल, पाती भिंतीला घासत असतील, पात्यांच्या कडा चावल्यासारख्या दिसत असतील, तर टर्बो गेला. मग आमचेही काही म्हणणे नाही. पण तेव्हाही विचारा, का गेला? ऑइल आणणारी नळी काजळीने तुंबली असेल आणि ती साफ न करता नवा टर्बो बसवला, तर तोही त्याच वाटेने जाईल आणि दुसरे बिलही तुमच्याच नावावर फाटेल.

काजळीच्या जाळीबद्दल एकच. ती स्वतःला जाळून साफ करते, त्यासाठी सायलेन्सर चांगला तापावा लागतो. गाव ते बाजार, बाजार ते गाव अशा तुकड्यातुकड्याच्या फेऱ्यांत ते होत नाही. दिवा लागला की पुस्तकात सांगितल्याप्रमाणे महामार्गावर एका वेगाने गाडी चालवा आणि पुस्तकातलेच ऑइल घाला. "जाळी काढूनच टाकतो" म्हणणाऱ्याचे ऐकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा फेरफार चालत नाही, आणि पकडले तर गॅरेजवाला नव्हे, मालक उभा राहतो.

आता कोणी म्हणेल, हा सगळा राग गल्लीतल्या मिस्त्रीवर का? तो तर आपलाच पोरगा, कोरडवाहूत भागत नाही म्हणून पाना हातात घेतलेला. खरे आहे. त्याच्याकडे माहिती नाही, कारण ती कंपन्यांनी कुलपात ठेवली आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटारकंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो याचसाठी: अस्सल सुटे भाग आणि दोष शोधायची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी सरसकट रद्द, ही अटही चालणार नाही असे आयोगाने बजावले. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दोष कायम ठेवला आणि दंड कमी केला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले. वाहने आणि शेतीची अवजारे दोन्ही त्यात आहेत. पोर्टलने होज बदलत नाही, हेही खरे. शेतकऱ्याच्या मालाला भाव ठरवताना खुल्या बाजाराचे प्रवचन देणारे हेच लोक स्वतःच्या सुट्या भागांना मात्र कुंपण घालतात!

तोपर्यंत आपल्या हातात काय? आकडा पुसण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढा. चढावर, भरल्या गाडीत, इंजिनाने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, दोन्ही आकडे मागा. बदललेला जुना भाग घरी आणा आणि बिल पक्के घ्या. फसवणूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. मालवाहू गाडी म्हणजे धंदा, असे सांगून समोरचा वकील अडवू पाहील. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी २०१९ च्या कायद्यात धंद्यात धरलेली नाही, हे त्याला ऐकवा.

पाच-सहा गावांनी मिळून एक स्कॅनर, एक हाताचा व्हॅक्यूम पंप आणि एक दाबाचे मीटर घेतले, तर माणशी खर्च एका बिलापुढे काहीच नाही. फवारणी पंप आपण उसनवारीने वापरतोच. पुढच्या जिल्हा बैठकीत यावर बोलायचे आहे. येताना गेल्या दोन हंगामांतली टर्बोची बिले आणा, आणि जुना टर्बो कोणी सांभाळून ठेवला असेल तर तोही पोत्यात घालून आणा. नट चिमटीत धरून सगळ्यांसमोर हलवून पाहू.