उमेदवारीची चाळणी आणि बापाचा खिसा

साथींनो,

जबलपूरच्या अधारताल भागात आमचे एक साथी राहतात. रेल्वेत ट्रॅकमेंटेनर आहेत. आपण आजही ज्याला गँगमन म्हणतो, ते. आजोबा विदर्भातून रुळाच्या कामावर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची मुलगी एम.एस.डब्ल्यू. झाली. एका स्वयंसेवी संस्थेने ‘इंटर्न’ हवेत अशी जाहिरात दिली आणि मुलीने अर्ज केला. पुढे काय घडले ते ऐका, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही.

पहिली पायरी, इंग्रजीत तीन निबंध. दुसरी पायरी, गटचर्चा. तिसऱ्या पायरीला ‘नमुना काम’ दिले गेले. आपल्या वस्तीतल्या वीस घरांची पाहणी करा, पाणी, रेशन, शाळा यांची माहिती तक्त्यात भरा आणि पाच दिवसांत पाठवा. पोरीने उन्हातान्हात दारोदार फिरून ते केले. मग भोपाळला मुलाखत. जाण्यायेण्याचा खर्च उमेदवाराचा. वडिलांचा पास होता म्हणून निभावले. मुलाखत चांगली झाली. शेवटी एकच प्रश्न आला : “सहा महिने मानधन नाही. राहण्याजेवणाची सोय तुम्ही स्वतः करू शकाल ना?” मुलगी खरे बोलली. म्हणाली, घरी विचारावे लागेल. आठ दिवसांनी दोन ओळींचा नकार आला.

आम्ही विचारतो, ही परीक्षा कोणाची झाली? निबंध मुलीने लिहिले, पाहणी मुलीने केली, पण शेवटचा पेपर बापाच्या खिशाचा होता. तिथे ती नापास झाली. आणि त्या वीस घरांच्या तक्त्याचे काय? जितके उमेदवार शेवटच्या फेरीत गेले तितक्या वस्त्यांची पाहणी संस्थेच्या दप्तरी फुकटात जमा झाली. उमेदवार नाकारले, त्यांचे काम मात्र ठेवून घेतले!

कोणी म्हणेल, संस्था गरीब, काम समाजाचे, त्यात पैशाची भाषा कशाला? सेवेला आमचा विरोध नाही. १९६७ पासून बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत हजारो तरुणांनी घाम गाळला. ते थोड्या दिवसांचे शिबिर होते, स्वखुशीचे होते आणि कुदळ सगळ्यांच्या हाती होती. पण जिथे हजेरी आहे, साहेब आहे, महिन्याचे उद्दिष्ट आहे, अहवाल दिला नाही तर जाब आहे, तिथे सेवा हा शब्द चालणार नाही. ते काम आहे. कामाला दाम हवा. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पडले. त्यातला बराच पैसा अशा संस्थांमार्फत खर्च होतो. छपाईला, सभागृहाला, गाडीला पैसा असतो. तो फक्त पोरांना द्यायच्या वेळी आटतो.

रेल्वे आणि टपालातल्या माणसाला हा खेळ नवा नाही. नाव बदलायचे की हक्क गायब, ही मालकांची जुनी रीत. रेल्वेत वर्षानुवर्षे राबणाऱ्याला ‘कॅज्युअल’ म्हटले गेले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात इंद्रपाल यादव खटल्याचा निकाल लागला तेव्हा कुठे त्यांच्या कायमतेची वाट मोकळी झाली. टपालात ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हटले. २००१ साली त्यांना ‘ग्रामीण डाक सेवक’ हे गोड नाव मिळाले, पण वेतनवाढीसाठी २०१८ च्या मे-जूनमध्ये त्यांना पंधरवडाभर संप करावा लागला. १९८० च्या दशकात ‘आरटीपी’ म्हणून परीक्षा पास झालेली, प्रशिक्षण घेतलेली पोरे तासावर राबली, हे आपल्या ज्येष्ठ साथींना आठवत असेल. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्याचे कलम १८ तर स्पष्टच सांगते : शिकाऊ हा शिकाऊ आहे, कामगार नव्हे. म्हणूनच २० मार्च २०१८ ला रेल्वेचे शिकाऊ उमेदवार माटुंगा-दादरच्या रुळांवर बसले आणि नोकरी मागू लागले.

तरीही त्या कायद्यात निदान विद्यावेतनाचा आकडा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पदवीधर शिकाऊ उमेदवाराला महिन्याला किमान नऊ हजार रुपये ठरले. ‘इंटर्न’ म्हटले की तोही आकडा गळून पडतो. आणि सरकारी योजनेकडे वळावे, तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिन्याला पाच हजार ठेवले. शिवाय आईवडिलांपैकी कोणी कायम सरकारी नोकर असेल तर अर्जच नाही, अशी अट घातली. म्हणजे गँगमनची मुलगी आणि पोस्टमनचा मुलगा तिथे ‘सधन’ ठरले, आणि इथे ‘स्वतःची सोय करू न शकणारे’ ठरले. दोन्ही दारे बंद! महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा महिन्यांसाठी पोरे घेतली, मुदत संपल्यावर ती आंदोलनाला रस्त्यावर आली. मुदत संपते, पोट संपत नाही.

आता आमच्याच घरात डोकावू. दुसऱ्याला बोल लावणे सोपे असते. आमच्या शाखेच्या कार्यालयात एका साथीचा मुलगा वर्षभर परिपत्रके टाइप करायला येत होता. आम्ही त्याला चहा पाजला, “अनुभव मिळतो आहे बाळा” असे सांगितले आणि अधिवेशनात त्याचा सत्कार केला. शाल दिली, पगार दिला नाही. युनियनही ना-नफा संस्थाच आहे! अधारतालच्या मुलीची हकीकत ऐकून आम्हा सर्वांना त्या शालीची लाज वाटली. कार्यकारिणीने मागील कामाचा हिशेब करून त्याला रक्कम दिली. उशीर झाला, पण झाले.

म्हणून आमचे म्हणणे असे :

१. निवडीसाठी करून घेतलेल्या कामाचा मोबदला द्यावा. नाकारलेल्या उमेदवाराचे काम वापरू नये.
२. मुलाखतीचा प्रवासखर्च संस्थेने द्यावा. निबंध आणि मुलाखत उमेदवाराच्या भाषेत घ्यावी.
३. विद्यावेतन शिकाऊ कायद्यातल्या दरापेक्षा कमी नसावे. अपघाताचे संरक्षण असावे.
४. “स्वतःचा खर्च भागवाल का” हा प्रश्न बंद व्हावा.
५. आपल्या प्रत्येक शाखेने हा नियम आधी स्वतःला लावावा.

साथींनो, आपल्या मुलांना आपण सांगत आलो, शिका, मोठे व्हा. ती शिकली. आता त्यांना “फुकट राबा, पुढे बघू” असे सांगायचे काय? आपल्या बापजाद्यांनी आठ तासांच्या पाळीसाठी लढे दिले, ते नातवंडांनी बिनपगारी दहा तास राबावे म्हणून नव्हे. पुढच्या शाखासभेत हा विषय घ्या. घरी असे पोर असेल तर त्यालाही बरोबर आणा, आणि बोलू द्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!