आधी नमस्कार

भाजीबाजारात, लोकलच्या डब्यात, पेट्रोलपंपावर किंवा दवाखान्याच्या बाकावर मालिकेतला ओळखीचा चेहरा अचानक समोर आला की आपण कसे वागतो, याबद्दल एकदा स्पष्ट बोलायला हवं. आनंद होतो, ते साहजिकच आहे. पण त्या आनंदाच्या भरात हात आधी मोबाइलकडे जातो आणि ‘काढू का?’ असं विचारायच्या आत फोटो निघालेलाही असतो. समोरच्याच्या हातात जड पिशवी आहे, कडेवर पेंगुळलेलं मूल आहे, डोळ्यांवर झोप आहे, यातलं काही आपल्याला दिसत नाही. मराठी प्रेक्षक रसिक म्हणून नावाजलेला आहे. नाट्यगृहात आपण तो लौकिक राखतो. तो रस्त्यावरही राखला पाहिजे.

मराठी वाहिन्यांवरचे कलाकार आपल्याला इतक्या सहज भेटतात, याला कारण आहे. ते आपल्यातच राहतात. ठाणे, बोरिवली, डोंबिवली, कोथरूड इथल्या सोसायट्यांमध्ये त्यांची घरं आहेत, मुलांच्या शाळा आहेत, किराणा मालाचे दुकानदार ठरलेले आहेत. दैनंदिन मालिकेचा एक भाग साधारण बावीस मिनिटांचा असतो आणि तो जवळजवळ रोज लागतो. म्हणून घोडबंदर रोडवरच्या सेटवर, मढच्या बंगल्यांत किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत बारा-बारा तासांची शिफ्ट चालते. वर शनिवार-रविवार नाटकाचे प्रयोग. गडकरी रंगायतनचा दुपारचा प्रयोग संपवून रात्री दीनानाथ गाठायचं, पुण्यात बालगंधर्वचा प्रयोग आटोपून रात्रीच्या बसनं परतायचं आणि सकाळी पुन्हा सेटवर उभं राहायचं, असं त्यांचं जगणं. एक्स्प्रेस वेवरच्या फूड मॉलमध्ये मध्यरात्री मिसळ खाताना जो चेहरा आपल्याला दिसतो, तो बहुतेक वेळा अशा दिवसाच्या शेवटी दिसतो.

पैशाबद्दलही आपले गैरसमज आहेत. मालिकेतला दिवाणखाना मोठा असला, तरी तिथं बसलेल्या कलाकाराचं मानधन दिवसावर ठरतं आणि हातात पडायला बहुधा तीन महिने जातात. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ते घसरत गेले की ट्रॅक बदलतो, भूमिका कापली जाते, मालिकाही गुंडाळली जाते. ‘तुम्हाला काय कमी आहे?’ हा प्रश्न आपण त्यांना हसत हसत विचारतो. त्यांना तो हसून झेलावा लागतो.

मग या माणसांबद्दल आपल्याला इतकी जवळीक का वाटते? कारण ती आपल्या घरात येतात. सिनेमाचा नट बघायला आपण अंधाऱ्या थिएटरात गेलो, तो पडद्यावर प्रचंड मोठा दिसला, आपण खाली बसून त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. दूरचित्रवाणीवरचं माणूस ताट वाढलेलं असताना, इस्त्री चालू असताना, आजीला औषध देताना समोर असतं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1956 सालीच एका लेखात हे मांडलं होतं. पडद्यावरचा माणूस समोरासमोर बोलल्यासारखा वागतो, पाहणाऱ्याला तो जिवलग वाटू लागतो, पण ही ओळख एकाच बाजूची असते. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही. रस्त्यातल्या भेटीतला सगळा अवघडलेपणा यातूनच येतो. आपल्या लेखी ती शंभरावी भेट असते, त्याच्या लेखी पहिलीच.

महाराष्ट्रात ही ओळख 2 ऑक्टोबर 1972 पासून सुरू झाली. त्या दिवशी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं. संध्याकाळच्या बातम्या सांगणारे चेहरे घरचे झाले. स्मिता पाटील सिनेमात नावारूपाला येण्याआधी तिथंच मराठी बातम्या वाचत असत. मग मालिकेतले चिमणराव आणि गुंड्याभाऊ आले आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांना ती नावं कायमची चिकटली. 25 जानेवारी 1987 ला ‘रामायण’ सुरू झाल्यावर तर रविवारी सकाळी साडेनऊला टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून बसणारी घरं होती. अरुण गोविल आणि दीपिका चिखलिया दिसले की लोक त्यांच्या पाया पडत. 2004 मध्ये ‘होम मिनिस्टर’ आलं. आदेश बांदेकर दार वाजवून खरोखरच घरात शिरले आणि अख्ख्या महाराष्ट्राचे भावोजी झाले. कुणी पडद्यावर आलं की त्याच्याशी नातं जोडायचं, हा आपला स्वभाव आहे. तो चांगला आहे. त्यात माया आहे.

पण नात्यानं जेवढा हक्क मिळतो, तेवढी जबाबदारीही येते. हक्क आपण पुरेपूर घेतला आणि जबाबदारी वाहिन्यांवर, सुरक्षारक्षकांवर, त्या कलाकाराच्या सहनशक्तीवर सोडून दिली. ‘तुझ्यात जीव रंगला’ जोरात असताना कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातला वाडा पाहायला लांबलांबून गाड्या येऊ लागल्या, मालिकेतले राणादा आणि पाठकबाई दिसतील म्हणून लोक ताटकळत उभे राहू लागले. त्या गर्दीचा गावकऱ्यांना त्रास होऊ लागल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या. सिंधुदुर्गात आकेरीला ‘रात्रीस खेळ चाले’मधला नाईकांचा वाडा पाहायला पर्यटक वाट वाकडी करून जाऊ लागले. प्रेम खरं होतं, पण ज्यांच्या अंगणात ते ओतलं जात होतं, त्यांना विचारायचं मात्र राहून गेलं.

ठाण्यातल्या एका दवाखान्यात पाहिलेला प्रसंग मनातून जात नाही. रोज रात्री दिसणारी एक अभिनेत्री वडिलांना घेऊन आली होती. केस साधे बांधलेले, मांडीवर रिपोर्टची फाइल, वडिलांचा हात हातात. आतून कधी बोलावतात म्हणून ती सारखी दाराकडे बघत होती. समोरच्या रांगेतल्या बाईंनी तिला ओळखलं, त्यांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं. दोघी उठून आल्या. ‘अगं, तूच ना ती?’ म्हणत एक थेट शेजारी टेकली आणि तिनं मोबाइल वर धरला. चौकटीत मावावं म्हणून म्हाताऱ्या वडिलांना बाकावर सरकावं लागलं. मुलीनं फाइलवरचं नाव दिसू नये म्हणून ती उलटी केली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. फोटो हलला, म्हणून पुन्हा काढला. मग दुसरीसोबत. तेवढ्यात आतून पुकारा झाला आणि वडील गुडघ्यावर हात रोवून एकटेच उठू लागले. त्या दोघी वाईट नव्हत्या. त्यांनी जाताना वडिलांना ‘काळजी घ्या हं बाबा’ असं मनापासून म्हटलं. फक्त तिथं एक लेक बसली आहे, हे त्यांना वेळेवर सुचलं नाही.

घरचं माणूस दवाखान्यात दिसलं तर आपण काय करतो? काय झालं म्हणून विचारतो, पाणी आणून देतो, ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतो, नाहीतर त्याचा चेहरा बघून गप्प बसतो. त्याचा फोटो काढून चार ग्रुपवर टाकत नाही. कलाकाराला घरचं मानायचं असेल तर ही रीत त्यालाही लागू झाली पाहिजे. आणि परकं मानायचं असेल, तर परक्या बाईच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढण्याची आपल्याकडे रीत नाही. दोन्हीपैकी कुठलाही हिशेब लावला तरी आपलं आजचं वागणं त्यात बसत नाही.

सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते खलनायिकांना. मालिकेत सुनेला छळणारी बाई मंडईत दिसली की तिला टोमणे मारणं, ‘का गं छळतेस तिला?’ म्हणून दरडावणं, याला आपण कौतुक समजतो. काही जणी तसं मानूनही घेतात. पण समाजमाध्यमांवर तेच टोमणे शिव्या होतात, आणि त्या शिव्या पात्राला नव्हे, त्या बाईला लागतात. विनोदी नटाचं दुखणं वेगळं. त्याला कुठंही गाठून ‘एक होऊन जाऊ दे’ म्हणायचं; त्याच्या मनात काय चाललंय याची चौकशी नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. 2008-09 च्या ‘लिटल चॅम्प्स’नं मुलांच्या गाण्याला केवढं प्रेम मिळवून दिलं, ते आपल्याला आठवतं. तेव्हापासून गाणाऱ्या, नाचणाऱ्या, मालिकेत काम करणाऱ्या मुलांचा ओघ चालूच आहे. पण कुणा अनोळखी मोठ्या माणसानं भर रस्त्यात आपल्या मुलीचा गालगुच्चा घेतला, तिला उचलून घेतलं, तर आपण ते चालवून घेऊ का? टीव्हीवर दिसते म्हणून ती मुलगी सगळ्या गावाची होत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: लोकांमुळेच हे मोठे झाले, लोकांसाठी दोन मिनिटं काढली तर काय बिघडलं? बहुतेक कलाकार ती दोन मिनिटं काढतातही. प्रयोगानंतर रंगपटाच्या दाराशी थांबलेल्या शेवटच्या माणसापर्यंत बोलणारे नट मराठीत कमी नाहीत. पण तिथं ते भेटायच्या तयारीनं उभे असतात. मुलाच्या शाळेच्या फाटकाशी किंवा स्मशानाच्या पायरीवर ते तसे उभे नसतात. आणि दोन मिनिटं आपली एकट्याची असतात, त्याच्या दिवसात ती कितीदा येतात, याचा विचार आपल्यालाच करायला हवा. लोकप्रियतेची किंमत म्हणून काही सोसणं त्यांच्याही मनाच्या तयारीत असतं. मात्र ती किंमत किती वसूल करायची, हे ठरवणारे आपण आहोत.

भेट चांगली कशी होते, याचाही एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. दादरच्या भाजीबाजारात एक मध्यमवयीन नट मेथी निवडून घेत होता. एका आजींनी त्याला ओळखलं. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली. म्हणाल्या, ‘परवा तुम्ही मुलाला स्टेशनवर सोडायला गेलात ना, तो प्रसंग बघितला. आमचे हे अगदी तसेच उभे राहायचे, गाडी हलेपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. छान केलंत.’ एवढं बोलून त्या निघाल्या. त्या नटानंच त्यांना थांबवलं. ‘आजी, ती कधीची गोष्ट?’ असं विचारलं, आणि मग मेथीच्या जुड्यांपाशी दोघं चांगली पाच मिनिटं बोलत उभी राहिली. आजींकडे फोटो नसेल. पण आपल्या नवऱ्याची गोष्ट त्या ज्याला सांगून आल्या, त्याला ती ऐकायची होती.

या आजींनी जे केलं ते कुणालाही जमण्यासारखं आहे. नमस्कारात दोन्ही हात गुंततात, त्यामुळे मोबाइल आपोआप खिशात राहतो. मग माणसाला त्याच्या नावानं हाक मारावी. रोहिणी हट्टंगडी यांनी ‘गांधी’मध्ये कस्तुरबा साकारून बाफ्टा पुरस्कार मिळवला, रंगभूमी गाजवली, आणि पुढं अनेक वर्षं ‘चार दिवस सासूचे’ केलं. अशा कलावंताची ओळख एखाद्या पात्राच्या नावाला बांधून ठेवली, तर बाकीचं सगळं काम आपणच पुसून टाकतो. त्यानंतर आवडलेल्या कामाबद्दल एक वाक्य बोलावं. ‘तुमचं सगळं बघतो’ यापेक्षा एखादा नेमका प्रसंग सांगावा. फोटो हवाच असेल तर विचारावा, आणि नाही म्हटलं तर चेहरा पाडू नये, ‘किती भाव खातात’ असं मागून बोलू नये. सोबत आजारी माणूस असेल, मूल असेल, घास तोंडात असेल तर विचारूही नये.

वाहिन्यांनीही आपला वाटा उचलायला हवा. सणाच्या मिरवणुकीत, पुरस्कार सोहळ्यात, मंदिरात, जिथं तिथं कलाकारांना पात्राच्या वेषात आणि पात्राच्याच नावानं उभं करायचं, आणि मग प्रेक्षक पात्र व माणूस यांत गल्लत करतात म्हणून तक्रार करायची, हे बरोबर नाही. रोजच्या भागाच्या शेवटी श्रेयनामावली एकतर धावत जाते, नाहीतर येतच नाही. ती वाचता येईल एवढा वेळ दाखवावी. कोण काम करतंय, कुणी लिहिलंय, रंगभूषा कुणाची आहे, हे प्रेक्षकाला रोज दिसलं, तर त्याला पात्रामागचं माणूस ओळखता येईल.

कलाकारानं आपल्याला जे द्यायचं, ते रात्रीच्या भागात देऊन झालेलं असतं. तापात, घरातल्या दुखवट्यात, पहाटेच्या शिफ्टमध्ये त्यानं ते दिलेलं असतं. बाजारात तो समोर येतो तेव्हा देणं आपल्याकडून निघतं. ते फेडायला फार काही लागत नाही: हात जोडावेत, त्याचं नाव घ्यावं, मनापासून एक वाक्य बोलावं आणि त्याची वाट मोकळी करावी.