आडनावाला घर, माणसाला नकार!

अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. तेथून निघालेले पाणी औद्योगिक वसाहतींत जाते, उल्हासनगरात जाते, डोंबिवलीत जाते. वाटेत ते कोणालाही जात विचारीत नाही. परंतु त्याच पाण्यावर जगणाऱ्या या पट्ट्यात एखादा तरुण भाड्याने घर शोधू लागला की दलालाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘आडनाव काय आपलं?’’ आडनावावरून उलगडा झाला नाही, तर दुसरा प्रश्न येतो, ‘‘म्हणजे आपण कोण?’’ त्याचे उत्तर मनाजोगे नसेल, तर काल रिकामी असलेली खोली आज ‘दिली गेलेली’ असते!

नव्या घरमालकाची चिंता खोटी आहे, असे आमचे म्हणणे नाही. निवृत्तीच्या पैशांतून दुसरी सदनिका घेतलेला नोकरदार असो वा वडिलोपार्जित जागेवर चार खोल्या बांधणारा भूमिपुत्र असो, ते घर ही त्याची आयुष्याची पुंजी असते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवानगी-कराराने राहणाऱ्यांनाही कायद्याने भाडेकरूचा दर्जा मिळाला. ‘एकदा आत शिरला की निघत नाही’ ही धास्ती तेव्हापासून मराठी घरमालकाच्या मनात घर करून बसली आहे. परंतु या धास्तीवर आडनाव हा उतारा कसा ठरतो? भाडे थकविणारे, जागा बळकावणारे प्रत्येक जातीत निघतात आणि वेळच्या वेळी भाडे देणारेही प्रत्येक जातीत असतात.

नावाचा भरवसा किती धरावा, याचा धडा मुंबईने रक्त सांडून घेतला आहे. दाऊद गिलानी या इसमाने २००६ मध्ये अमेरिकेत आपले नाव बदलून डेव्हिड हेडली असे केले. त्या नावाने तो मुंबईत आला, ताडदेवला त्याने कार्यालय थाटले, शहरभर टेहळणी केली आणि त्या माहितीचा उपयोग २६ नोव्हेंबर २००८ च्या संहारासाठी झाला. नाव पाहून निश्चिंत होणारा समाज शत्रूला हवाच असतो. ज्याला फसवायचे आहे, तो सोयीचे नाव घेऊन येतो. घराबाहेर राहतो तो खरे नाव सांगणारा प्रामाणिक माणूस. म्हणून आम्ही म्हणतो की आडनाव विचारणे ही दक्षता नव्हे, तो दक्षतेचा आळस आहे.

खरी दक्षता कायद्याने सांगून ठेवली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या ५५ व्या कलमानुसार भाड्याचा वा परवानगीचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणेच तूर्त ग्राह्य धरले जाते. उलट नोंदणीकृत परवानगी-कराराची मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याला २४ व्या कलमानुसार दुप्पट रक्कम मोजावी लागते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणे, मूळ कागदपत्रे डोळ्यांखालून घालणे, नोकरीच्या ठिकाणी आणि आधीच्या घरमालकाकडे विचारपूस करणे, अनामत रकमेची पावती देणे, ही त्यापुढची कामे. आधारपत्र ही नागरिकत्वाची खूण नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. या कसोट्या प्रत्येकाला सारख्याच लावाव्यात, मग तो कोणत्याही जातीचा, प्रांताचा वा पंथाचा असो. गंमत अशी की जात विचारणारे अनेकजण नोंदणीचा खर्च वाचविण्यासाठी साध्या कागदावर सह्या घेतात!

प्रश्न केवळ व्यवहाराचा असता, तर येथेच थांबता आले असते. १९१७ मध्ये परदेशातून उच्च विद्या संपादून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्या नगरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून ते पारशी धर्मशाळेत राहिले. तेथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू स्नेह्यानेही आसरा दिला नाही. अखेर बडोदे सोडावे लागले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाची ही गत, तर आज औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या तरुणाची काय कथा?

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९३१ मध्ये रत्नागिरीत पतितपावन मंदिराची दारे सर्व हिंदूंना उघडली. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध धिक्कार केला. त्यांचे स्मरण करणाऱ्याने उत्सवात एका पंक्तीला बसावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच पंक्तीतल्या बांधवाला खोली नाकारावी, हे कोणते संघटन?

‘‘माझे घर, माझी मर्जी’’ असे कोणी म्हणेल. निवड करण्याचा अधिकार आहेच. पण अधिकाराला विवेकाची जोड हवी. शेजारचे उल्हासनगर पाहा. फाळणीत सर्वस्व गमावलेल्या सिंधी बांधवांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. आधीच्या घरमालकाचा दाखला त्यांच्याजवळ कोठून असणार? परक्या बोलीच्या त्या माणसांनी कष्टाने नगर उभे केले. आडनाव आणि प्रांत पाहून दारे लावली असती, तर हे नगर वसलेच नसते.

नव्या घरमालकाने करार पक्का करावा, कागद तपासावा, माणूस पारखावा. जात मात्र विचारू नये. दलालाने विचारली, तर त्याला तेथेच थांबवावे. समरसतेची परीक्षा व्यासपीठावर होत नसते. ती दाराची कडी काढताना होते.