पिशव्या सांभाळायला कोण थांबणार?

समुद्रावर सहलीला गेलेलं कुठलंही कुटुंब बघा. नवरा, मुलं, दीर, भाचे सगळे बोटीत चढलेले असतात आणि किनाऱ्यावर एक बाई बसलेली असते. तिच्या भोवती चपलांचे सात-आठ जोड, मांडीवर चार पर्सेस, हातात सगळ्यांचे मोबाइल आणि खांद्यावर टॉवेल. बोट निघते. मुलं हात हलवतात, तीही हलवते. तासाभराने सगळे भिजून, हसत परत येतात आणि तिला विचारतात, "भूक लागलीय, खायला काय आहे?"

मैत्रिणींनो, ही बाई मीच होते. मालवणला तीन वेळा जाऊन आले होते, पण बोटीत एकदाही बसले नव्हते. सिंधुदुर्ग किल्लासुद्धा पहिल्या खेपेला धक्क्यावरूनच पाहिला, कारण धाकटी झोपली होती आणि कुणीतरी थांबायलाच हवं होतं. ते 'कुणीतरी' कोण, हे घरात कधी ठरवावं लागत नाही.

बरं, जबरदस्ती कुणी केली म्हणाल तर तसंही नाही. "चल ना गं" असं हे म्हणालेच होते. पण आपल्याकडे कारणं तयार असतात. साडी भिजेल. मला मळमळतं. बाथरूमची सोय नाही. हे शेवटचं कारण तर अगदी खरं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. तीन तासांची ट्रिप म्हटली की आपण सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाही. वर कोकणातलं ते दमट ऊन. मग दुपारी डोकं धरून बसायचं आणि म्हणायचं, "मला बाई समुद्र सोसत नाही." समुद्र सोसतो हो. पाणी न पिता उन्हात बसणं सोसत नाही.

पण या सगळ्या कारणांच्या खाली खरं कारण एकच असतं, आपल्याला पोहता येत नाही. आमच्या लहानपणी मे महिन्यात भाऊ विहिरीवर जायचे. कुणाच्या पाठीला डबा, कुणाच्या पाठीला वाळका भोपळा. चुलत्यांनी ढकललं की आठ दिवसांत पोरगा पोहायला लागायचा. आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे धरून उभ्या. आता कळतं, चपला सांभाळायची सवय तिथूनच लागली.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या बचत गटाची सहल काढली. गडहिंग्लजहून आजरा, आंबोली, सावंतवाडी करत टेम्पो ट्रॅव्हलर देवबागला पोचली. अकरा बायका, सोबत नवरे नाहीत, मुलं नाहीत. मी आधीच सांगून टाकलं होतं, पिशव्या गाडीत कुलपात राहतील आणि बोटीत सगळ्या चढतील.

देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. नदी जिथे समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत बोटी जातात. डॉल्फिन दाखवतात, त्सुनामी आयलंड नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर उतरवतात. कुणाला हवं असेल तर खाडीत गळ टाकून मासेही धरू देतात. हा शेवटचा कार्यक्रम पुरुष मंडळींचा, असं तिथेही गृहीत धरलेलं. बोटवाल्याने आम्हाला नुसतं डॉल्फिनचं विचारलं. मीच म्हटलं, "आम्हाला गळ टाकायचाय." तो जरासा हसला, पण सामान काढलं.

जॅकेटं मात्र काढली नाहीत. ती बाकाखाली एकावर एक रचून ठेवलेली होती. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, भियाव नकात. पाणी कमरेएवढाच आसा." आमच्यातल्याही दोघी-तिघी त्याच्याच बाजूने बोलायला लागल्या. "उकडतंय की वो ताई." "साडीवर कसं घालायचं ते?" "फोटो चांगला येत न्हाई." मी म्हटलं, जॅकेट घातल्याशिवाय बोट हलणार नाही. मग उगाचच वाईटपणा आला. दोघींनी तोंड वाकडं केलं. सहलीच्या दिवशी मास्तरीणबाईगिरी कशाला, असं मलाही क्षणभर वाटलं.

तरी मी मागे हटले नाही, त्याला कारण होतं. २४ मे २०२२ ला याच किनाऱ्यावर, तारकर्लीजवळ, स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली होती. वीस पर्यटक होते. दोघे गेले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तलावात, समुद्रात नव्हे. बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं आणि बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जणांना बसवलं होतं. त्या शिक्षिकांच्या जागी मी स्वतःला कितीदा तरी पाहिलंय. वर्गाची सहल, मुलांची घाई, बोटवाल्याचं "काही होत नाही", आणि आपण 'कशाला वाद' म्हणून गप्प बसलेल्या. मग त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईजवळ घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर गेटवेवरून निघणाऱ्या बोटींवर जॅकेटची सक्ती झाली. प्रत्येक वेळी नियम नंतर जागे होतात.

"पाणी कमरेएवढंच" हे तर मला मुळीच पटत नाही. खाडीच्या मुखाशी ओहोटी लागली की नदीचं पाणी समुद्राकडे ओढ घेतं. कमरेएवढ्या पाण्यातही पायाखालची वाळू सरकते. साडी भिजून पायांना गुंडाळली गेली तर गुडघाभर पाण्यातही उठता येत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बोटीत साडी नकोच. पंजाबी ड्रेस घाला, ओढणी घरी ठेवा. कोण काय म्हणेल याचा विचार करणाऱ्यांना तुमच्या पायात अडकलेला पदर सोडवायला यायचं नाहीये.

आणि जॅकेट अंगावर आहे म्हणजे झालं असंही नसतं. त्याच्या सगळ्या क्लिपा लागल्या पाहिजेत. कुणाला तरी तुमचं जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर समजा की सैल आहे आणि पाण्यात अंगातून निघून जाईल. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालतात ना, तिथे नेमकं हेच होतं. लहान मापाचं मागा. नसेल तर दुसरी बोट बघा. चढताना माणसं मोजा आणि किती जणांची परवानगी आहे ते विचारा. भाजी घेताना दोन रुपयांसाठी आपण केवढी घासाघीस करतो! इथेच का जीभ चालत नाही?

तर शेवटी जॅकेटं चढली, बोट निघाली आणि खाडीत एके ठिकाणी इंजिन बंद झालं. काय शांतता होती! काठाला खारफुटी, वर घारी. बोटवाल्याने प्रत्येकीच्या हातात तंगुसाची एकेक गुंडाळी दिली. टोकाला शिसं, त्याच्या वर गळ, गळाला कोळंबीचा तुकडा. शिसं तळाला टेकलं की दोरी जरा वर घ्यायची आणि तर्जनीवर नुसती टेकवून धरायची. डोळ्यांनी काही दिसत नाही, सगळं बोटाला कळतं. पहिल्या अर्ध्या तासात मासे आमची कोळंबी खाऊन पसार होत होते. अकरा बायका इतका वेळ गप्प बसलेल्या मी आमच्या एकाही मीटिंगमध्ये पाहिलेल्या नाहीत.

पहिला मासा लागला तो आमच्या आक्कांना. वय साठीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ. त्या म्हणाल्या होत्या, "मी नुस्ती बसत्ये." पण दोरी धरलीच. एकदम ओरडल्या, "अगं बया, वडतंय की!" वर आला तो मिशावाला शिंगाळा. बोटवाला घाईने म्हणाला, "हात लावू नकात!" शिंगाळ्याच्या पराला काटा असतो, टोचला की दिवसभर ठणकतं. त्याने चिमट्याने गळ सोडवला. आक्का म्हणाल्या, "सोड बाबा त्याला." मासा पाण्यात गेला. पण नंतर दोन दिवस आक्का ज्याला त्याला हात लांब करून त्या माशाचं माप दाखवत होत्या आणि दर वेळी मासा वीतभर वाढत होता. बाकीच्यांना एक बरी तांबोशी आणि चार-दोन बारकी मासळी मिळाली. बारकी आम्ही परत सोडली.

काही जणी म्हणतील, ही काय गरजेची गोष्ट आहे? बचत गटाच्या बायकांना पापड-लोणची शिकवायची सोडून मासे कसले धरायला लावता? मला हा प्रश्न नवऱ्यांपेक्षा बायकांनीच जास्त विचारला. पुरुषाने रविवारी तळ्यावर गळ टाकून अख्खा दिवस घालवला तर तो त्याचा छंद. बाईने दोन तास घालवले तर त्यातून उत्पन्न काय, असा हिशोब. आक्कांना त्या दोन तासांतून काय मिळालं, ते मला मांडता येणार नाही. त्यांच्या हिशोबाच्या वहीत ते मावत नाही.

आणि ज्यांना उत्पन्नच हवं आहे त्यांनी वेंगुर्ल्याला जाऊन यावं. तिथे मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः वल्ही मारून पर्यटकांना खारफुटीची सफर घडवतात. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. इंजिनाचा आवाज नाही. नऊवारीतल्या आपल्या आज्यांच्या वयाच्या नाहीत, आपल्याच वयाच्या बायका बोट चालवतात आणि झाडांची माहिती सांगतात. केरळातल्या के. सी. रेखा तर खोल समुद्रात मासेमारीचा परवाना मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या महिला म्हणून २०१७ साली पुढे आल्या. कोकणात मासळी बाजारात सगळा कारभार बाईचा असतो, पण होडीत मात्र पुरुष. ही रीतही आता हलायला लागलीय.

एक गोष्ट आपल्याकडूनही व्हायला हवी. मेअखेरीला किनाऱ्यावरचं बोटिंग बंद होतं आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्र खवळलेला. तरी पावसाळ्यात जाऊन "एकच चक्कर मारा हो, जास्त पैसे देतो" म्हणणारे पर्यटक असतात. त्यात बायकाही असतात. बोटवाला नाही म्हणाला तर त्याचे आभार माना.

परत आल्यावर आम्ही गावच्या पोहण्याच्या तलावावर गेलो. तिथे बायकांसाठी वेळ आहे, दुपारी एक ते दोन. स्वयंपाक आवरून, जेवण वाढून, भर उन्हात कोण येणार? आणि मग "बायका येतच नाहीत" असं म्हणायला मोकळे. सकाळी अकराची वेळ आणि शिकवायला बाई हवी, असा अर्ज आम्ही दिलाय. सह्या सदतीस झाल्या. अजून उत्तर आलेलं नाही, दर सोमवारी दोघी जाऊन विचारून येतात. पहिली सही आक्कांची आहे. परवा त्या मला बाजूला घेऊन हळूच विचारत होत्या, "ताई, पवायला माळ काढाय लागती का हो?"