रंग घेताना पैसा कुठे घालावा?

गेल्या आठवड्यात नांदेडच्या नव्या मोंढ्यात हमाली करणाऱ्या एका बंधूंच्या घरची माउली आमच्याकडे आली. पदराच्या गाठीला पैसे आणि हातात मुलीने लिहून दिलेली चिठ्ठी. म्हणाली, "पोरगी म्हणती, अ‍ॅक्रिलिकचेच रंग पाहिजेत. दुकानदार एक निळी ट्यूब दाखवतो, मंग दुसरी निळी दाखवतो, तिची किंमत तिप्पट. मला तर दोन्ही सारख्याच दिसतेत. मंग फसवतंय कोण?"

माउलीचा प्रश्न रास्त आहे. त्यामागचे दुखणेही आम्हाला ठाऊक आहे. तिच्या थोरल्या मुलाने काही वर्षांपूर्वी वस्तीच्या विहारासाठी बाबासाहेबांचे चित्र काढले होते. वर्गणीतून रंग आणले ते आम्हीच. सर्वांत स्वस्त डबा घेतला आणि उरलेल्या पैशांत फ्रेम केली. चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर लागले. दोन उन्हाळे गेले. कोटाचा निळा रंग तसाच राहिला, पण चेहऱ्यावरचा तांबूसपणा उडाला आणि चेहरा आजारी माणसासारखा पांढुरका दिसू लागला. लोक म्हणाले, पोराला काढता आले नाही. पोराने ब्रश ठेवला तो ठेवलाच. चूक पोराची नव्हती, रंग निवडणाऱ्या आमची होती. आता त्याची धाकटी बहीण येत्या १४ एप्रिलसाठी तेच चित्र नव्याने काढणार आहे. म्हणून जे आम्ही उशिरा शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे आपल्या वस्त्यांतील मुलेमुली ब्रश धरू लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सरावाचा कागद वेगळा आणि वर्षानुवर्षे भिंतीवर टांगायचे चित्र वेगळे. दोन्हींना एकच रंग घेणे म्हणजे लग्नाचे लुगडे नेसून रोजंदारीला जाणे.

आधी अ‍ॅक्रिलिक म्हणजे काय ते पाहू. कोणत्याही रंगात दोन मुख्य गोष्टी असतात. एक रंगद्रव्य, म्हणजे रंगाची बारीक भुकटी, आणि दुसरे ती भुकटी धरून ठेवणारे बंधक. तैलरंगात हे काम जवसाचे तेल करते. अ‍ॅक्रिलिकमध्ये एका प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळलेले असतात. पाणी उडाले की हे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पाण्यात कालवायचे हे रंग चित्रकारांसाठी अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात बाजारात आले आणि पुढे जगभर पसरले.

आता किमतीचे कोडे. कंपन्या साधारण दोन प्रतीचे रंग करतात, एक विद्यार्थ्यांसाठी आणि एक कलावंतांसाठी. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनचे रंग आपल्या शाळांत घरोघरचे आहेत. त्यांच्याकडेही विद्यार्थी आणि कलावंत असे वेगळे रंग मिळतात. विद्यार्थी प्रतीत रंगद्रव्य कमी आणि खडूसारखी भर जास्त असते. त्यामुळे एका हाताने झाकणारी जागा तीन हात मागते. शिवाय कॅडमियम, कोबाल्ट यांसारख्या महाग रंगद्रव्यांऐवजी तशीच छटा देणारे स्वस्त द्रव्य घालतात. नावापुढे 'ह्यू' असा शब्द दिसला तर हेच समजावे. ही फसवणूक नाही, ते ट्यूबवर लिहिलेले असते. आपण वाचत नाही, एवढेच.

म्हणून पहिली सवय वाचण्याची. चांगल्या ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो. 'पीबी २९' म्हणजे अल्ट्रामरीन निळा, हाच आपल्या कपड्यांच्या निळीचा भाऊ. 'पीडब्ल्यू ६' म्हणजे टिटॅनियम पांढरा. रंग उन्हात किती टिकतो याचीही खूण बहुधा तारकांनी किंवा अंकांनी दिलेली असते. ज्या डब्यावर यांपैकी काहीच नाही, तो सरावाला घ्यावा, विहाराच्या चित्राला घेऊ नये.

दुसरी गोष्ट, सगळेच रंग महागाचे घेण्याची गरज नाही. पिवळी माती, काव, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर हे मातीच्या जातीचे रंग. त्यांचे द्रव्य लोखंडाच्या गंजापासूनचे, म्हणून मुळातच स्वस्त आणि उन्हाला न हटणारे. हे विद्यार्थी प्रतीचे घेतले तरी फारसे बिघडत नाही. काळ्या रंगाचेही तसेच. पैसा घालावा तो पांढऱ्यात, कारण तो सर्वांत जास्त लागतो आणि पातळ पांढरा साऱ्या चित्राला फिका करतो. आणि घालावा तो लाल व पिवळ्यात, कारण दगा देतात ते बहुधा हेच. फ्लुरोसंट म्हणजे झगमगते रंग तर कायमच्या चित्राला घेऊच नयेत, ते उन्हात लवकर उडतात.

आणखी एक. डब्यात 'फ्लेश टिंट' नावाची गुलाबी ट्यूब असते. ती आपल्या कामाची नाही. आपल्या माणसांचा चेहरा बर्न्ट सिएना, पिवळी माती, थोडा लाल, थोडा पांढरा आणि सावलीला कणभर निळा यांतून येतो. म्हणजे आपल्या चेहऱ्याला लागणारे मुख्य रंग स्वस्तही आहेत आणि टिकाऊही. हे आम्हाला आधी कळले असते तर त्या पोराच्या चित्रावर ती वेळ आली नसती.

किंमत पाहताना ट्यूबची नव्हे, मिलिलिटरची पाहावी. किमतीला मि.ली.ने भागावे. बारा लहान ट्यूबांच्या डब्यापेक्षा सहा-सात रंगांच्या सुट्या मोठ्या ट्यूबा पुष्कळदा परवडतात. बाकीच्या छटा मिसळून होतात आणि मुलांचा हातही तयार होतो.

घरी दोन परीक्षा कराव्यात. कागदावर काळी रेघ मारून तिच्यावर रंगाचा एक हात द्यावा. रेघ जितकी झाकली जाईल तितका रंग दाट. दुसरी, रंगाच्या पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून ती दोन महिने उन्हाच्या खिडकीत ठेवावी. मराठवाड्याचे ऊन खोटे बोलत नाही.

भिंतीवर मोठे चित्र काढायचे असेल तर ट्यूबांत पैसे घालू नयेत. घराचे इमल्शनही अ‍ॅक्रिलिकच असते. डिस्टेंपर आतल्या भिंतीपुरते, पावसात टिकणार नाही. बाहेरच्या भिंतीला बाहेरचेच इमल्शन घ्यावे. जुना ऑइल पेंट असेल तर त्यावर थेट अ‍ॅक्रिलिक देऊ नये, पापुद्रे निघतात. आधी घासून अस्तर द्यावे.

आमच्याकडे उन्हाळ्यात रंग थाळीतच वाळतो. म्हणून थोडा थोडा काढावा, खाली ओले फडके ठेवावे, ब्रश लगेच धुवावा. वाळलेला ब्रश म्हणजे गेलेला ब्रश. रंगात पाणी बेताने घालावे, जास्त पाण्याने पकड जाते. आणि ब्रशाला टोक काढण्यासाठी तो तोंडात घालण्याची मुलांची सवय मोडावी, काही रंगद्रव्ये विषारी असतात.

माउलीला आम्ही पांढरा, लाल आणि पिवळा कलावंत प्रतीचे, तर निळा, काळा आणि मातीचे दोन विद्यार्थी प्रतीचे, अशी यादी करून दिली. गाठीतल्या पैशांत बसली, वर एक चपटा ब्रशही आला. जाताना ती म्हणाली, "थोरल्याला सांगते, रंगानं दगा दिला व्हता, तुझ्या हातानं नाही."

हे आम्हीच त्याला सांगायला हवे होते. या रविवारी त्याच्या घरी जाऊन सांगणार आहोत. आणि चित्र या वेळी पश्चिमेच्या खिडकीसमोर लावणार नाही.