गोंदण पुसणारा फोन

मे महिन्यातली अकोल्याची दुपार, चुलतभावाची हळद. पारा ४५ अंशांना टेकलेला आणि मांडवातल्या कूलरला गारव्यापेक्षा आवाजच जास्त. नवरदेवाच्या गालाला पहिलं बोट लागलं आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या नव्याकोऱ्या, साठ हजार रुपयांच्या, खास कॅमेऱ्यासाठी नावाजलेल्या फोनने पडद्यावर पाटी लावली: फोन गरम झाला आहे, कॅमेरा बंद होत आहे. हळदीचे सगळे फोटो मग भाच्याच्या जुन्या, काचेला तडा गेलेल्या फोनवर निघाले. त्या बिचाऱ्याला एवढे नखरे परवडत नाहीत.

हा फोन मी डोळे मिटून घेतला, असं म्हणायचीही सोय नाही. आठवडाभर परीक्षणं पाहिली होती. त्यांत तो एसीच्या खोलीत होता, कॉफीच्या कपासमोर होता, रात्रीच्या झगमगत्या रस्त्यावर होता आणि चंद्राकडे तोंड करून उभा होता. मांडवात, भाजीबाजारात, औषधाच्या दुकानात त्याला कुणी नेलंच नव्हतं. फोनचा रोजचा कारभार तपासणार म्हणता, तर रोजचा म्हणजे कुणाचा, हे आधी ठरवायला नको? माझं रोजचं येणंजाणं चंद्रावर नसतं.

चंद्राचाच आग्रह का, तेही सांगते. चंद्र पृथ्वीला कायम एकच बाजू दाखवतो. दरवर्षी तोच प्रश्न येणार हे ठाऊक असल्यावर उत्तर घोकून ठेवायला कितीसा वेळ? २०२३मध्ये रेडिटवरच्या एकाने चंद्राचा फोटो १७० बाय १७० पिक्सेलांइतका लहान केला, वर आणखी धूसर केला, संगणकाच्या पडद्यावर लावला आणि खोलीत अंधार करून लांबून सॅमसंगच्या फोनने टिपला. पडद्यावर नसलेले खड्डे आणि डाग फोटोत अवतरले. चंद्र ओळखू आला की यंत्रबुद्धी तपशील खुलवते, असं कंपनीने नंतर समजावलं. आमच्या शाळेत याला कॉपी म्हणत आणि पर्यवेक्षक वर्गाबाहेर काढत. इथे याला वैशिष्ट्य म्हणतात आणि त्याचेही पैसे लावतात.

खोड जुनी आहे. २०१२मध्ये नोकियाने लुमिया ९२०ची जाहिरात काढली. हात हलला तरी चित्रण कसं स्थिर राहतं, हे दाखवायला. सायकलवरच्या मुलीमागे एका काचेत प्रतिबिंब पडलं, गाडीतल्या माणसाचं आणि त्याच्याजवळच्या भल्यामोठ्या कॅमेऱ्याचं. कंपनीला माफी मागावी लागली. २०१८मध्ये इजिप्तमधल्या हुआवेच्या जाहिरातीत एक जोडपं मजेत सेल्फी घेताना दिसलं. त्यातल्या अभिनेत्रीनेच चित्रीकरणाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, तेव्हा कळलं की नटाने पुढे केलेला हात रिकामा होता आणि समोर छायाचित्रकार डीएसएलआर घेऊन बसला होता. वेगाचंही तेच. २०२१मध्ये वनप्लस ९ आणि २०२२मध्ये सॅमसंगचे एस२२ वगैरे फोन वेगाची चाचणी घेणाऱ्या गीकबेंचने आपल्या यादीतून काढून टाकले, कारण रोजच्या ॲपना लगाम होता आणि वेग मोजणाऱ्या ॲपला मोकळं रान. साहेब आले की फाइली चाळू लागणाऱ्या कारकुनाला आपण निदान कामचुकार तरी म्हणतो. फोनला पाचपैकी साडेचार तारे देतो.

आता खोक्यावरचे आकडे. २०० मेगापिक्सेल! यातला एकेक पिक्सेल जेमतेम ०.६ मायक्रॉनचा, एकट्याच्या वाट्याला पुरेसा उजेडच येत नाही. म्हणून फोन सोळा-सोळा पिक्सेलांची मोट बांधतो आणि आपल्या हातात साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो ठेवतो. तेवढा भरपूर होतो. ए४ कागदावर ३०० डीपीआयने छापायचा तरी पावणेनऊ पुरतात. मग खोक्यावर साडेबारा लिहायला हात का आखडतो? बरं, तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की उरतात दोनेक मेगापिक्सेल. दोनशेचे पैसे मोजले, मावशीला दोन पोचले.

‘एक इंची सेन्सर’ ही त्यावरची कडी. पट्टी घेऊन मोजा. रुंदी जेमतेम १३ मिलिमीटर, आणि तिरका मोजला तरी साधारण सोळाच. इंच होतो २५.४चा. हे नाव आलं जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून. नळ्या भंगारात गेल्या, इंच मात्र राहिला. या इंचाने कुणा शिंप्याने ब्लाउज शिवला असता, तर बायकांनी त्याला गाव सोडायला लावलं असतं.

माझा पेपर साधा होता. पहिला प्रश्न, औषधाच्या पाकिटावरची मुदत वाच. सेन्सर मोठा असला की जवळचं धड दिसत नाही, त्यामुळे साठ हजारांचा फोन चाळिशी लागलेल्या काकांसारखा पाकीट लांब धर म्हणतो. दुसरा प्रश्न, तीन वर्षांच्या भाचीचा फोटो. बटण दाबलं तेव्हा ती हसत होती. फोटोत तिची पाठ आली, तीही पुसट. तिसरा, दुपारी बाराला भाजीबाजारात क्यूआर कोड. फोन तापला की पडद्याचा उजेड आपणहून कमी करतो, म्हणजे ऐन उन्हात समोर अंधार. भाजीवाल्या मावशी ‘झालं का बाई?’ म्हणून तिसऱ्यांदा विचारेपर्यंत मागे रांग. चौथा, नुसता टेबलावर पड. पाठीवरच्या कॅमेऱ्यांच्या टेंगळामुळे तेही जमत नाही. एक पाय तोकडा असलेल्या पाटासारखा डुगडुगतो. एवढं सगळं मी पोटात घातलं असतं.

हळदीच्या संध्याकाळी, पारा आणि फोन दोन्ही उतरल्यावर, मी आजीचा फोटो काढला. आजी ऐंशीच्या पुढची, रंगाने काळीसावळी, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं आणि कपाळावर हिरवट गोंदण. फोटो झक्क आला. आजीने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि विचारलं, ‘माह्या कपायावरचं गोंदन कुठी गेलं वं?’

गेलं होतं खरंच. सुरकुत्या गेल्या होत्या, रंग दोन छटा उजळला होता आणि गोंदणाला डाग समजून फोनने ते पुसून टाकलं होतं. मी काहीही चालू केलेलं नव्हतं. हे ‘सौंदर्य’ कारखान्यातूनच चालू होऊन आलं होतं. बंद करायची जागा सेटिंगच्या चौथ्या पायरीखाली सापडली. बंद केल्यावर गोंदण परतलं, पण पाण्यात शाई सांडावी तसं फिसकटलेलं. फेअर अँड लव्हलीलासुद्धा २०२०मध्ये नावातला ‘फेअर’ गाळावा लागला. क्रीमने सोडलेलं काम फोनने उचललं, तेही न विचारता. कोडॅकच्या काळात फोटोचे रंग जुळवायला गोऱ्या बाईचं चित्र असलेलं कार्ड वापरत आणि सावळी माणसं फोटोत काळवंडत. तेव्हा यंत्राला आपण दिसत नव्हतो. आता दिसतो, आणि दिसल्याबरोबर दुरुस्त केले जातो.

यावर तंत्र जाणणारे हसतील. म्हणतील, बाई, प्रत्येक फोन हिशेब करूनच फोटो बनवतो. ठाऊक आहे मला. फोनचं भिंग नखाएवढं, उजेड येणार तो चिमूटभर. म्हणून तो पाठोपाठ अनेक फोटो घेतो, एकावर एक बसवतो आणि रवाळ ठिपके गाळतो. गूगलने २०१८मध्ये पिक्सेलवर रात्रीचे फोटो असेच उजळले आणि ते काम अस्सल होतं. पण तिथे चिमूट-चिमूट गोळा केलेला उजेड समोरचाच असतो. समोर आहे ते वेचून आणणं वेगळं. समोर नाही ते चंद्रावर चिकटवणं आणि समोर आहे ते आजीच्या कपाळावरून खरवडणं वेगळं. पहिल्याला मी कारागिरी म्हणते. दुसऱ्याला खोटी साक्ष.

आणि परीक्षकांनो, तुमच्याशीही भांडण आहे. फोन कंपनी देते, खोली तुमची थंड असते, मॉडेल तुकतुकीत असतं आणि चार दिवसांत निकाल लागतो. मेमध्ये एकदा आमच्याकडे या. मांडवात उभे राहा, पाकिटावरची मुदत वाचा आणि कुणाच्या तरी आजीचा फोटो काढून तिलाच दाखवा. तारे मग द्या.

लग्न आटोपल्यावर मी फोन घेऊन दुकानात गेले. आजी हट्टाने सोबत आली. विक्रेत्याने तक्रार ऐकली, फोटो पाहिला आणि खुलून म्हणाला, ‘पण म्याडम, आजी किती मस्त दिसून राहिल्या! लोकांना असंच पाहिजे.’ मग त्याने आणखी वीस हजारांनी महाग असलेला फोन काढला, ‘हसा आजी’ म्हणाला आणि टिचकी मारली.

आजीला सात-आठ वर्षांची असताना तिच्या आईने मांडीवर घट्ट धरून गोंदून घेतलं होतं. रक्त निघालं, ताप आला, ते ती आजही सांगते. चोराला नेता येत नाही, सावकाराला गहाण घेता येत नाही आणि मेल्यावर सोबत येतो, असा बाईजातीचा हा एकच दागिना, हेही सांगते.

विक्रेत्याने पडदा तिच्यापुढे धरला. आजीने बराच वेळ पाहिलं, मग बोटाने आपलं कपाळ चाचपलं.

‘आहे वं,’ ती मला म्हणाली. ‘चाल घरी.’