चूकभूल द्यावी घ्यावी

जुन्या पद्धतीच्या बिलाच्या तळाशी चार अक्षरे असतात : चू. भू. द्या. घ्या. माझे मामा काचिगुड्याला किराणा दुकान चालवतात आणि हाताने लिहिलेल्या प्रत्येक बिलावर ही अक्षरे आजही न विसरता घालतात. लहानपणी मला तो एखादा मंत्र वाटे. वाणिज्य शाखेत आल्यावर कळले की तो एक करार आहे. हिशेबात चूक होऊ शकते हे देणाऱ्याने व घेणाऱ्याने आधीच मान्य करायचे, आणि ती सापडली की कोणाची अब्रू न काढता दुरुस्त करायची.

संगणकाच्या प्रोग्रॅममधील चुकांविषयी लिहायला बसले आणि पहिल्यांदा हीच अक्षरे आठवली. वाणिज्य शाखेच्या मुलीने या विषयावर लिहावे हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण मी येथे मोठ्या तज्ज्ञांच्या चुका सांगणार नाही. नवशिक्याच्या सांगणार आहे, आणि त्यातल्या बहुतेक माझ्याच आहेत.

दुसऱ्या वर्षाला असताना मी मामांची उधारीची वही संगणकावर आणायचे ठरवले. पायथन भाषेत, टीके-इंटरच्या साहाय्याने, एक छोटी खिडकी तयार केली. गिऱ्हाइकाचे नाव, रक्कम, आणि खाली दोन बटणे : 'उधार' व 'जमा'. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती छान चालली. दुकानात बसवली तेव्हा मामांनी पेढे आणले. भाचीने दुकानात संगणक आणला हे त्यांनी बेगम बाजारच्या घाऊक व्यापाऱ्यांनाही सांगितले.

तीन-चार आठवडे गेले. गल्लीतल्या एक आजी आमच्याकडून महिनाभर उधारीवर सामान नेतात आणि पेन्शन आले की देतात. मामा त्यांना म्हणाले, "आजी, मागचे साडेबाराशे राहिलेत." आजी म्हणाल्या, "अरे, पाच तारखेला दिले की रे बाबा." मामांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले नाही, पडद्याकडे पाहिले. "आजी, मशीन तर दाखवतंय." त्यावर आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि पुन्हा पैसे मोजायला लागल्या. तेवढ्यात मामी आतून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, दिलेत त्यांनी. माझ्याच हातात दिलेत." मामांची मान खाली गेली. मी तेथेच उभी होते.

रात्री चूक शोधली. मामांनी त्या दिवशी रक्कम '१,२५०' अशी, मध्ये स्वल्पविराम देऊन भरली होती. हिशेब लिहिणारा माणूस तशीच लिहिणार. पायथनला मात्र स्वल्पविराम असलेल्या अक्षरांचा आकडा करता येत नाही. (गंमत अशी की '१२५०' हे देवनागरी अंक तो बिनतक्रार स्वीकारतो, अडतो तो फक्त स्वल्पविरामाला.) त्याने त्याप्रमाणे तक्रार केली. पण मीच तिचे तोंड बंद करून ठेवले होते. एकदा प्रयोगशाळेत रकमेचा चौकोन रिकामा राहिला आणि लाल ओळी आल्या, तेव्हा वर्गातल्या कोणीतरी युक्ती सांगितली होती : सगळे 'ट्राय'मध्ये घाल आणि खाली 'एक्सेप्ट' लिहून 'पास' म्हण. म्हणजे चूक झाली तर काही करू नकोस, पुढे चल. त्याप्रमाणे प्रोग्रॅम पुढे गेला, चौकोन रिकामा झाला, आणि मामांना वाटले की रक्कम जमा झाली. ती कोठेच जमा झाली नव्हती.

आपण वाणिज्यवाले याला काय म्हणू? तेरीज जुळत नाही म्हणून फरक उचंत खात्यात टाकणे. पण उचंत खाते तरी प्रामाणिक आहे. तो फरक तेथे दिसत राहतो आणि एक दिवस त्याचा उलगडा करावाच लागतो. माझ्या 'पास'ने तर फरकच पुसून टाकला होता. असा मुनीम मामांनी एक दिवसही ठेवला नसता.

येथे माझे मत स्पष्ट सांगते. प्रोग्रॅम लिहायला शिकवतात, चूक शोधायला शिकवत नाहीत, आणि नवशिके नेमके तेथेच हरतात. खरे पाहता चूक शोधणे ही आपल्या शाखेची जुनी विद्या आहे. तेरीज जुळली नाही तर आपण वही फेकून देत नाही. फरकाला नवाने भाग जातो का पाहतो. जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. ५४० चे ४५० झाले की फरक ९० चा येतो. फरकाची निम्मी रक्कम शोधतो, कारण ती नोंद नावेऐवजी जमेला गेली असेल. अर्धी पाने तपासून बाजूला ठेवतो आणि उरलेल्या अर्ध्यांत शोधतो. प्रोग्रॅममध्येही हेच करायचे असते. अर्धा भाग तात्पुरता बंद करायचा, चूक कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहायचे, आणि त्याचे पुन्हा दोन भाग करायचे.

खिडकीचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या नवशिक्याला नेहमी भेटणाऱ्या काही अडचणी दुकानाच्याच भाषेत सांगते.

पहिली अडचण बटणाची. बटण दाबले तर काहीच होत नाही, पण प्रोग्रॅम सुरू होताच ते काम एकदा आपोआप होऊन गेलेले असते. बटणाला काम नेमून देताना फंक्शनच्या नावापुढे कंस दिला की असे होते. दुकानातल्या पोऱ्याला "गिऱ्हाईक आले की साखर तोल" असे सांगायचे, त्याऐवजी आपण आत्ताच साखर तोलून मोकळे झालो. नेमून देताना फक्त नाव द्यावे, कंस देऊ नये.

दुसरी बेरजेची. १०० आणि ५० मिळवले तर १०,०५० येतात. चौकोनात भरलेले सर्व काही प्रोग्रॅमच्या लेखी अक्षरे असतात आणि अक्षरांची बेरीज म्हणजे ती एकापुढे एक ठेवणे. आधी स्वल्पविराम व मोकळ्या जागा काढाव्यात, मग आकडा करावा, आणि तो होत नसेल तर भरणाऱ्याला तसे सांगावे.

तिसरी खिडकी गोठण्याची. बटण दाबले की खिडकी पांढरी पडते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येते. गल्ल्यावर एकच माणूस आहे आणि तोच गोदामात पोती मोजायला गेला, तर गिऱ्हाइकाला उत्तर कोण देणार? लांबलचक काम बटणाच्या फंक्शनमध्ये कोंबू नये. त्याचे तुकडे करून 'आफ्टर'च्या मदतीने थोडे थोडे करावे, किंवा निराळ्या थ्रेडला द्यावे. मात्र त्या थ्रेडने खिडकीला हात लावू नये, ते गल्ल्यावरच्याचे काम आहे.

चौथी 'माझ्याकडे तर चालत होते' ही. प्रयोगशाळेत चालणारा प्रोग्रॅम दुकानात फाइल सापडत नाही म्हणतो, कारण आपण फाइलचा पत्ता प्रयोगशाळेच्या संगणकाचा लिहिलेला असतो. पत्ता प्रोग्रॅमच्या स्वतःच्या जागेवरून काढावा.

पाचवी आपल्या लिपीची. गिऱ्हाइकांची मराठी, कन्नड नावे फाइलमध्ये जाताना प्रोग्रॅम अडतो किंवा एक्सेलमध्ये उघडल्यावर भलतीच चिन्हे दिसतात. देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या १९९१ च्या पहिल्या युनिकोडपासून त्यात आहेत, तेव्हा दोष लिपीचा नाही. फाइल उघडताना 'यूटीएफ-८' असे स्पष्ट लिहावे. एक्सेलसाठी 'यूटीएफ-८-सिग' लिहावे.

सहावी पैशांची, आणि ती आपल्याला सर्वांत जवळची. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारा. तो ०.३ च्या पुढे पंधरा शून्ये देऊन शेवटी ४ लिहितो. एकाला तीनने भागले तर आपल्या दशमान पद्धतीत ३ चे शेपूट संपत नाही, तसे ०.१ चे शेपूट संगणकाच्या द्विमान पद्धतीत संपत नाही, कोठेतरी तोडावे लागते. फरक क्षुल्लक वाटतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धाहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा येणारे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मरण पावले. दशांश सेकंदाचे तोडलेले ते शेपूट सुमारे १०० तासांत साचून एक-तृतीयांश सेकंदाचे झाले होते. दुकानात प्राणाची भीती नाही, पण तेरीज बिघडते. म्हणून सर्व रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवाव्यात, किंवा 'डेसिमल' वापरावे.

आता मनातली गोष्ट. माझे शिक्षण दहावीपर्यंत भालकीजवळच्या आमच्या खेड्यात मराठी शाळेत झाले. घरात मराठी, बाजारात कन्नड. लाल अक्षर म्हणजे गुरुजींनी मारलेली काट, एवढेच ठाऊक होते. येथे आल्यावर पडद्यावर लाल अक्षरे आली आणि तीही इंग्रजीत, तेव्हा मला वाटे, हे माझ्या मराठी शाळेवरच मारलेले शेरे आहेत. मी ती वाचतच नसे. घाईघाईने खिडकी बंद करीत असे. 'पास'ची युक्ती मला इतकी आवडली ती यामुळेच.

काही प्राध्यापक म्हणतात, "आधी इंग्रजी सुधारा, मग प्रोग्रॅमिंग." इंग्रजी आलेच पाहिजे, त्यात वाद नाही. पण शेजारी बसणारी इंग्रजी माध्यमाची मुलेही त्या ओळी वाचत नाहीत, हे मी पाहिले आहे. आता तर ती ओळ उचलून कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की तयार उत्तर मिळते, आणि ते उत्तर कधी कधी 'पास'चेच असते. त्या ओळींचे इंग्रजी पाच-सहा शब्दांचे असते. सर्वांत खालची ओळ आधी वाचायची : काय बिघडले. मग तिच्या वरची : कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीत. 'कुड नॉट कन्व्हर्ट स्ट्रिंग टु फ्लोट' आणि पुढे '१,२५०'. आजींचे साडेबाराशे कोठे अडले ते या एका ओळीत स्वच्छ सांगितले होते.

याच शहरात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमाचे म्हणून सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षीच पुस्तके उर्दूत आणण्यासाठी दारुल तर्जुमा हे भाषांतर खाते निघाले होते. शास्त्र आपल्या भाषेत समजून घेता येते हा विश्वास या गावाला नवा नाही. माझी कन्नड मैत्रीण आणि मी प्रयोगशाळेत शेजारी बसतो. अडले की ती विचारते, "तप्पु एल्लिदे?" चूक कोठे आहे? तेलुगूतही चुकीला तप्पुच म्हणतात, त्यामुळे मागच्या बाकावरचेही वळून पाहतात. आम्ही ती ओळ मोठ्याने वाचतो, आपापल्या भाषेत अर्थ लावतो, आणि मग हात चालवतो.

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो काढून फेकून दिला नाही. नोंदवहीत वेळ घालून चिकटवला. ती वही आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ज्यांचा संगणक पतंगाने अडवला त्यांना त्याची लाज वाटली नाही, मग आपण का लाजावे?

म्हणून प्राध्यापकांना नम्र विनंती की प्रात्यक्षिक परीक्षेत पाठ केलेला प्रोग्रॅम लिहून घेण्याबरोबर एक बिघडलेला प्रोग्रॅमही द्यावा आणि त्यातली चूक शोधण्याला गुण द्यावेत. पाठांतर कोणाचे आणि समज कोणाची, ते दहा मिनिटांत कळेल. आणि मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला विनंती की आपापल्या चुकांची वही ठेवा : तारीख, लाल ओळ, कारण, उपाय. आम्ही दोघींनी अशी वही सुरू केली आहे, डावे पान मराठी, उजवे कन्नड. पहिल्या पानावर आजींचे साडेबाराशे आहेत.

मामांच्या दुकानात प्रोग्रॅम अजून चालतो. रक्कम चुकीची भरली तर आता मराठीत स्पष्ट सांगतो आणि जमा झाल्याशिवाय चौकोन रिकामा करीत नाही. मामांनी कागदी वहीही शेजारी ठेवली आहे आणि रोज रात्री दोन्ही ताडून पाहतात. आधी मला त्याचे वाईट वाटले होते, आता वाटत नाही. आजींकडे जाऊन मी क्षमा मागितली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "सापडली ना चूक? मग झालं."

या लेखातही काही राहून गेले असेल. दाखवून द्यावे, वहीत नोंद करीन. चू. भू. द्या. घ्या.